चिमट्या, भोपळा आणि जावईबापू

एका नदीला दोन काठ होते आणि त्या दोन काठांना मिळून एकच नावाडी होता. त्या नदीवर पूल झाला, त्याच्या फार फार आधीची ही गोष्ट. अलीकडच्या काठावर गाव आणि पलीकडच्या काठावर बाजार, देवीचं देऊळ आणि गावातल्या बहुतेकांची सोयरीक. म्हणजे मीठ आणायचं असो की मुलगी बघायला जायचं असो, केरबा नावाड्याच्या नावेत बसल्यावाचून सुटका नव्हती.

केरबा अंगानं काटक होता, हातानं चपळ होता आणि मनानंही चांगला होता. खोड म्हणाल तर एकच. दुसऱ्याच्या हातात काम असलेलं त्याला बघवायचं नाही. कोणी गाठ मारायला बसलं की हा म्हणायचा, "आण इकडे." कोणी गाठोडं उचलायला वाकलं की, "आण इकडे." एकदा तर त्यानं बायकोच्या हातून पिठाची परात ओढून घेतली. त्या दिवशी दोघांनी काय खाल्लं ते मी सांगत नाही, आपल्या गोष्टीशी त्याचा संबंध नाही.

नाव चालायची वेळूच्या लांब काठीवर. काठी तळाला टेकवायची, अंग टाकून रेटा द्यायचा, उपसायची, पुन्हा टेकवायची. पलीकडच्या काठाला वाळू होती आणि पाणी संथ होतं, तिथं नाव आपसूक लागायची. अडचण असायची ती घरच्या घाटाला. पावसाळ्यात नदी भरली की घाटापुढच्या धारेला जोर यायचा आणि ती नावेला खालच्या खडकांकडे ओढायची.

त्यावर जुन्या लोकांनी एक युक्ती काढून ठेवली होती. नावेत एक जाड दोर असायचा. त्या दोराच्या टोकाला बारीक दोरी आणि दोरीच्या टोकाला लांब मानेचा, वाळवलेला लहानसा भोपळा. घाट जवळ आला की केरबा भोपळा पाण्यात फेकायचा. भोपळा तरंगायचा. मग त्याची बायको बायजा पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात शिरून तो उचलायची, दोरी ओढून दोर हाती घ्यायची आणि वरच्या दगडी खुंटाला त्याचे वेढे मारायची. एवढं झालं की नाव गुमान काठाला यायची.

आणि हा दोर घरच्याच हातानं धरायचा, अशी त्या घाटाची रीत होती. नावेत गावाचे जीव असतात. उद्या दोर सुटला तर बोल नावाड्याच्या घरावर यावा, परक्या माणसावर येऊ नये, म्हणून ही रीत. बायजानं तीस पावसाळे तो दोर धरला आणि एकदाही सोडला नाही.

पण तीस पावसाळे गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की गुडघेही आपलं म्हणणं सांगतातच. बायजा सपाटीला हळूहळू चालायची, बसल्या जागी सगळी कामं करायची, हातांत तर अजून पहिल्याइतकाच जोर होता. शेवाळलेल्या पायऱ्या उतरणं तेवढं संपलं.

पावसाळ्याच्या दोन महिने आधीच तिनं पलीकडच्या गावी दिलेल्या लेकीला निरोप धाडला, यंदा दोर धरायला या म्हणून. हौसा आणि तिचा नवरा दोघंही आले. जावई शांत स्वभावाचा आणि कामाला वाघ होता. आल्या आल्याच तो केरबाला म्हणाला, "मामा, मला नाव शिकवा. काठी धरायला शिकतो, पाण्यात उतरून दोरही धरतो."

आता जावयाला पाण्यात उतरवायचं म्हणजे काय? जावयाच्या पायाला चिखल लागू द्यायचा? केरबानं नावेच्या तोंडाशी चांगली चारपदरी घोंगडी अंथरली आणि म्हणाला, "तुम्ही बसा, जावईबापू."

जावई बसला. थोड्या वेळानं त्यानं काठीला हात लावला. केरबानं ती हळूच काढून घेतली. "असू द्या, असू द्या. हाताला फोड येतील." जावयानं दोर गुंडाळायला घेतला. "राहू द्या, बापू. तुम्ही कशाला?" जावयानं एका म्हातारीचं बोचकं उतरवायला हात पुढे केला, तर केरबा दोघांच्या मधे येऊन उभा. दुसऱ्या कोणावर तो 'आण इकडे' म्हणून खेकसला असता. जावयावर खेकसता येत नाही, म्हणून तो मान देऊन देऊन हिसकावून घ्यायचा. हिसकावणं तेच, बोलणं तेवढं गोड.

दोन महिने जावई घोंगडीवर बसून नदी ओलांडत राहिला, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. गावातले टवाळ म्हणायला लागले, "केरबानं नावेत गणपती बसवलाय." एके दिवशी जावई म्हणाला, "मामा, आमच्याकडे शेताचं काम निघालंय. जायला हवं." शेताचं काहीही काम निघालेलं नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं, हौसाला ठाऊक होतं आणि बायजालाही ठाऊक होतं. तरी दोघंही आपल्या गावी निघून गेली.

"गेले बघ," केरबा म्हणाला. "हल्लीच्या जावयांना कष्ट नकोत."

बायजानं तव्यावरची भाकरी जरा जोरात उलटली.

मग व्हायचं तेच झालं. त्या पावसाळ्यात केरबानं एकट्यानं नाव आणायचा प्रयत्न केला आणि नाव धारेला लागली. तीत नऊ माणसं, एक शेळी आणि खुद्द गावचे पाटील होते. नाव गेली ती थेट खालच्या खडकावर जाऊन टेकली. कोणाला खरचटलंही नाही. पण पाणी उतरेपर्यंत, म्हणजे पार दुपारपर्यंत, सगळे त्या खडकावर उकिडवे बसून होते आणि शेळीनं पाटलांच्या उपरण्याचं एक टोक खाल्लं.

पाटील घरी गेले, कोरडे झाले आणि परत घाटावर आले.

"केरबा, उभ्या हयातीत मी तुला कधी वावगं बोललो नाही," ते म्हणाले. "पण आज देवानं वाचवलं. पुढच्या अमावास्येला पलीकडे देवीची जत्रा आहे. बायकापोरं जातील. तोवर घाटावर दोर धरणारं घरचं माणूस उभं कर. नाही जमलं तर सांग, मी खालच्या गावच्या नावाड्याला बोलावतो. नाव मग तोच चालवेल."

केरबाच्या आज्याची ती नाव. ती दुसऱ्याच्या हातात जाणार, या विचारानं त्याला दोन दिवस घास गिळवेना.

तिसऱ्या दिवशी पलीकडून येताना एका रिकाम्या टोपलीत काहीतरी हललं. बघितलं तर एक पिल्लू. काळं, पांढऱ्या पायांचं, दोन्ही कान दोन दिशांना. टोपली कोणाची ते कळेना आणि पिल्लू कोणाचं ते कोणी सांगेना. केरबानं ते घरी आणलं. संध्याकाळपर्यंत त्या पिल्लानं केरबाची एक वहाण, बायजाची सुपारीची पिशवी आणि चुलीपुढचं फुंकणं एवढं सगळं उचलून अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. दातात धरलं की सोडायचं नाव नाही. म्हणून त्याचं नाव पडलं चिमट्या.

बायजा त्याच्याकडे बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "अहो, याला उचलून न्यायचा नाद आहे. तोच नाद आपल्या कामाला लावला तर? भोपळा पाण्यातून माझ्यापर्यंत आणला की झालं. पुढचं खुंटापाशी बसून मी करते."

"कुत्रं दोर धरणार?"

"दोर मीच धरणार. कुत्र्यानं भोपळा आणायचा."

केरबाला हसू आलं, पण दुसरा इलाजही दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एक जुना भोपळा घेतला आणि वाळूत फेकला. "जा, आण."

चिमट्या बाणासारखा सुटला. भोपळ्याची मान त्यानं दातात धरली, वळला, केरबाकडे बघितलं आणि पळाला भलतीकडेच. केरबा त्याच्या मागे. चिमट्याला वाटलं, अरे वा, हाच खेळ दिसतोय. तो आणखी जोरात पळाला. पिंपळाच्या पाराला तीन फेऱ्या झाल्या, कुंभाराच्या मडकी भाजायच्या आव्याला दोन झाल्या. शेवटी केरबानं त्याला गाठलं, मानगुटीला धरलं आणि "आण इकडे" म्हणत भोपळा जबड्यातून ओढून काढला. पिल्लू गुरगुरलं. केरबानं त्याला दम भरला.

असं चार दिवस चाललं. घाटावर धुणं धुवायला येणाऱ्या बायका धुणं आवरलं तरी घरी जाईनात, असला तमाशा रोज फुकट कुठं बघायला मिळतो?

कुंभारीण म्हणाली, "गुळाचा खडा दाखवा की." केरबानं गुळाचा खडा दाखवला. चिमट्यानं भोपळा होता तिथंच टाकला, धावत येऊन गूळ खाल्ला आणि हात चाटून दुसरा मागितला. भोपळा राहिला लांब वाळूत. केरबानं मग पिल्लाच्या गळ्यात दोरी बांधली आणि ओढून ओढून आणायला लागला. पिल्लानं चारही पाय रोवले. वाळूत केरबाच्या घरापर्यंत एक लांबच लांब चर पडला, पण भोपळा काही पिल्लानं दिला नाही. उलट आता केरबाचा हात नुसता पुढे आला की ते दात घट्ट करायचं आणि अंग चोरून बसायचं.

आठव्या दिवशी केरबा थकून ओट्यावर बसला. "हे बिनकामाचं आहे," तो म्हणाला. "उद्या पहिल्या खेपेला पलीकडे सोडून येतो. बाजारात जगेल कसंही."

चिमट्या बायजाच्या लुगड्याचा काठ दातात धरून झोपला होता. बायजानं त्याच्याकडे बघितलं. "चार दिवस त्याला माझ्याकडे द्या," ती म्हणाली.

"तुला धड उठता येत नाही. तू त्याच्या मागे धावणार कशी?"

"बघू तरी."

दुसऱ्या दिवशी बायजा घाटावरच्या दगडी खुंटापाशी बसली. मांडीवर वाकळ होती, हातात सुई होती. तिनं भोपळा जेमतेम चार हात लांब टाकला. चिमट्यानं तो उचलला, पाच पावलं पळाला आणि थांबून मागे बघितलं. आता म्हातारी उठेल, मग आपण पळू.

म्हातारी उठली नाही. तिनं सुईत दोरा ओवला.

चिमट्या आणखी दोन पावलं गेला आणि थांबला. कोणीच मागे येईना. एकट्यानं किती पळणार? तो भोपळा घेऊन हळूहळू माघारी आला आणि बायजाच्या समोर, पण हाताला लागणार नाही एवढ्या अंतरावर बसला. बायजानं हात पुढे केलाच नाही. मग तो आणखी जवळ आला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि भोपळा त्याच्याच तोंडात राहू दिला. "धर की," ती म्हणाली. "तुझाच आहे."

पिल्लानं बराच वेळ भोपळा धरून ठेवला. मग जांभई आली म्हणून म्हणा किंवा विश्वास बसला म्हणून म्हणा, त्यानं तो तिच्या मांडीवर सोडला. बायजानं तो उचलला आणि लगेच, तिथल्या तिथं, पुन्हा फेकला.

पिल्लाचे दोन्ही कान पहिल्यांदाच एका दिशेला झाले.

"अगं, हाताशी आलेलं परत फेकून दिलंस?" केरबा नावेतून ओरडला.

"दिलेलं आपल्याला परत मिळतं, हे त्याला कळू दे," बायजा म्हणाली. "तुमच्याकडे एकदा गेलेलं परत मिळत नाही, म्हणून ते सोडत नाही."

त्या दिवशी भोपळा चाळीस वेळा गेला आणि चाळीस वेळा आला. दुसऱ्या दिवशी तिनं तो पायऱ्यांवर टाकला, तिसऱ्या दिवशी उथळ पाण्यात. चौथ्या दिवशी केरबानं नावेतून भोपळा फेकला आणि चिमट्यानं पोहत जाऊन तो आणला, पाठीमागे बारीक दोरी ओढत, थेट बायजाच्या मांडीवर. बायजानं दोरी घेतली आणि बदल्यात दुसरा, सुटा भोपळा त्याला खेळायला टाकला.

केरबा खूश झाला आणि मनातून थोडा खट्टूही झाला. संध्याकाळी अंगणात त्यानं स्वतः भोपळा फेकून बघितला. चिमट्यानं उचलला, पण केरबाचा हात पुढे येताना दिसताच दात घट्ट करून मागे सरकला.

"माझ्याजवळच का देत नाही हे?" केरबा म्हणाला. "मी काय त्याचं वाईट केलंय?"

बायजानं वाकळ बाजूला ठेवली. "रागावू नका, पण तुमच्या हाताला ओढून घ्यायची सवय आहे. पिल्लाचं सोडा. जावईबापूंच्या हातातून काठी किती वेळा काढून घेतलीत?"

"मान राखला मी त्यांचा."

"मान राखलात, आणि हात रिकामे ठेवलेत. शिकायला आलेला माणूस तो. दोन महिने घोंगडीवर बसवून ठेवलात. सगळं गाव त्याला हसलं, तरी तो तुम्हाला एक शब्द बोलला नाही. शेताचं काम निघालं म्हणाला आणि गेला."

केरबाला खरोखर कधी असं वाटलंच नव्हतं. हौसा जाताना नावेतून मागे वळून बघत होती, ते त्याला आठवलं. त्याला फार वाईट वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

थोड्या वेळानं तो अंगणात खाली बसला, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि तसाच बसून राहिला. चिमट्या लांबून बघत होता. एक पाऊल आला, थांबला, पुन्हा एक पाऊल आला. केरबाचे हात इतके शिवशिवत होते की काय सांगू. पण त्यानं ते मांडीखालून काढले नाहीत. शेवटी भोपळा त्याच्या पायापाशी पडला, ओला आणि दातांच्या खुणांनी भरलेला. केरबाचे डोळे भरून आले. त्यानं भोपळा उचलला आणि परत फेकला.

अमावास्येचा दिवस उजाडला. सकाळी पाटील घाटावर आले. खुंटापाशी बसलेली बायजा आणि तिच्या शेजारी बसलेलं कुत्रं त्यांनी आळीपाळीनं बघितलं.

"केरबा, रीत घरच्या माणसाची आहे."

"दोर बायजाच धरणार, पाटील. भोपळा तेवढा हा आणणार."

"हे घरचं आहे?"

"आमच्यातच जेवतं," केरबा म्हणाला. "आमच्या आधी जेवतं."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "दिवस मावळायच्या आत एकूण एक माणूस सुखरूप परत आला पाहिजे. मग बघू."

सकाळच्या सगळ्या खेपा सुरळीत गेल्या. दर वेळी चिमट्या पाण्यात उडी घ्यायचा, भोपळा आणायचा, आणि पोरं टाळ्या वाजवायची. दुपारी मात्र वर डोंगरात पाऊस झाला असावा. पाणी गढूळ झालं आणि चढायला लागलं. घाटाची एक पायरी बुडाली, मग दुसरी. पाटील आधीच्या खेपेनं परत आले होते, ते घाटावरच थांबले. पलीकडे शेवटची खेप उरली होती.

त्या शेवटच्या खेपेला जत्रेहून येणारी बारा माणसं होती. त्यांत हौसा होती आणि जावई होता, आईला भेटायला निघालेले. केरबानं त्यांना बघितलं आणि मान खाली घालून काठी उचलली. जावई सवयीनं नावेच्या तोंडाशी जाऊन गुपचूप घोंगडीवर बसला.

घाट वीस हातांवर आला आणि धारेनं नावेला धरलं. केरबानं काठी टेकवून सगळं अंग टाकलं. नाव जेमतेम जागेवर राहिली. आता भोपळा फेकायचा, तर एक हात काठीवरून काढायला हवा. त्यानं हात काढून बघितला. नाव लगेच खडकांकडे सरकली. त्यानं परत दोन्ही हातांनी काठी धरली. बायका देवीचं नाव घ्यायला लागल्या.

केरबानं मान वळवली. "जावईबापू," तो म्हणाला, "उठा. काठी धरा."

जावई क्षणभर तसाच बसला. आपल्यालाच सांगतायत यावर त्याचा विश्वास बसेना. मग तो उठला आणि त्यानं काठी घेतली.

केरबानं भोपळा फेकला. तो धारेत पडला आणि वाहायला लागला. चिमट्यानं उडी घेतली. पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं, तो वर आला, परत खाली गेला. मग भोपळ्याची मान त्याच्या दातांत दिसली.

इकडे नावेत जावई रेटा देत होता आणि त्याची पद्धत पार वेगळी होती. केरबा काठी सरळ रोवायचा, हा तिरकी रोवत होता. पहिला रेटा फुकट गेला. नाव हातभर खाली सरकली. केरबाचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. 'आण इकडे' हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. त्या क्षणी काठी काढून घेतली असती तर ती तळावरून सुटली असती आणि नाव गेलीच असती. केरबानं हात मागे घेतले, काखेत घातले आणि दाबून धरले. जावयानं पुन्हा काठी रोवली, या वेळी जरा मागे, आणि अंग टाकलं. काठी तळाला बसली. नाव थांबली.

चिमट्या पायऱ्यांशी पोहोचला होता. पाटलांना राहवलं नाही. ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "आण इकडे."

चिमट्या थांबला. त्यानं दात घट्ट केले आणि तो मागे सरकला, परत पाण्याकडे.

"पाटील, हात मागे घ्या," बायजा वरून म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नाही. "आणि खाली बसा."

त्या गावात पाटलांना बसा म्हणून कोणी कधी फर्मावलं नव्हतं. पाटील मुकाट्यानं ओल्या पायरीवर बसले, हात मागे घेऊन. बायजानं चिमट्याकडे बघितलं आणि मांडीवर नुसता पदर पसरला. पिल्लू पाटलांना वळसा घालून चार पायऱ्या चढलं आणि भोपळा त्या पदरात सोडला. बायजानं दोरी ओढली, पाठोपाठ दोर आला, खुंटाला एक वेढा पडला, दुसरा पडला, तिसरा पडला. दोर ताणून कुरकुरला आणि नाव वळून घाटाला लागली.

बाराच्या बारा माणसं उतरली. हौसा आईच्या गळ्यात पडली. पाटील उठले. त्यांचं धोतर मागून कमरेपर्यंत भिजलं होतं. "नाव तुझ्याच घरात राहील, केरबा," ते एवढंच म्हणाले आणि कोरडं नेसायला घरी गेले.

जावई अजून नावेतच उभा होता. त्याच्या हाताला खरंच फोड आले होते. त्यानं काठी दोन्ही हातांवर आडवी धरली आणि केरबापुढे केली. "घ्या, मामा."

केरबानं काठीकडे बघितलं आणि हात काखेतून काढले नाहीत. "तुमच्याकडेच राहू द्या, बापू. इथं राहणार असाल तर उद्याची पहिली खेप तुम्ही न्या. मी बोचकी उतरवीन."

"माझं चुकलं तर?"

"चुकलं तर दोघं मिळून खडकावर बसू. माझ्या ओळखीची जागा आहे. शेळी तेवढी सोबत घेऊ नका."

जावई हसला. दोन महिने त्या नावेत बसला होता, पण त्या नावेत हसला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. जावयानं काठी तिरकी रोवून नाव हाकारली. घाटावर बायजाच्या शेजारी केरबा बसला होता, दोन्ही हात मांडीखाली घालून. नाव जरा वाकडी गेली, मग सरळ झाली. केरबाचे हात मांडीखालीच राहिले. चिमट्यानं कुठून तरी जुना भोपळा शोधून आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

तर मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, या गोष्टीचं तात्पर्य: शिकवायचं असेल तर हातातलं हिसकावून घेऊ नका. ज्याच्या हाती आपण विश्वासानं सोपवतो, तो ते आपण होऊन आपल्यापाशी आणतो.